प्लास्टरबाई आणि भिंतीतलं पोळं

शब्द देताना माणसाने जरा जीभ आवरावी. पण प्लास्टरबाईंना हे सांगणार कोण? नाकावर माशी बसू न देणारी बाई ती. गेल्या वर्षी न्हाणीघरात पाय घसरून त्यांचं डावं मनगट मोडलं. मुलगा धावत आला, सून धावत आली, आणि "आता पुरे झालं आई, आमच्याकडे चल," असा दोघांनी घोशा लावला. तेव्हा बाईंनी ताडकन सांगून टाकलं, "ज्या दिवशी हे घर सांभाळायला मला बाहेरचा माणूस बोलवावा लागेल ना, त्या दिवशी मी आपणहून सामान बांधीन. तोवर हा विषय बंद!"

मुलगा विमा कंपनीत. कुठल्या घराला किती धोका, ते ठरवायची त्याची नोकरी. असला माणूस शब्द हवेत कशाला विरू देईल? "ठीक आहे," म्हणाला, "लक्षात ठेवतो."

तेव्हापासून वर्षभर बाईंनी दारात प्लंबर उभा केला नाही की सुतार. नळ गळायला लागला, स्वतः पाना घेऊन वायसर बदलला. बिजागरी निखळली, स्वतः बसवली. फ्यूज उडाला, टॉर्च दातात धरून तार घातली. टीव्ही बंद पडला तेव्हा मात्र तो काही केल्या उघडेना, म्हणून त्यांनी जाहीर केलं की टीव्हीवर हल्ली बघण्यासारखं काही नसतंच.

प्लास्टरबाई हे नाव त्यांना नोकरीने दिलं. छत्तीस वर्षं त्या एका मोठ्या इस्पितळात प्लास्टरच्या खोलीत होत्या. डॉक्टर हाड बसवायचे आणि पुढच्या पेशंटकडे वळायचे. ते हाड जागेवर राहील असं प्लास्टर चढवायचं काम बाईंचं. एवढ्या लोकांचे हातपाय त्यांच्या हाताखालून गेले होते की रस्त्यात कुणी नमस्कार केला तर बाई आधी त्याच्या पायाकडे बघायच्या, मग ओळख पटायची. कुणी फुशारकीने "मी मोडेन पण वाकणार नाही" म्हणालं की म्हणायच्या, "मोडलेले मी रोज बघायचे. अहो, त्यात काही शान नसते. सगळे आई गं म्हणून ओरडतात." अर्थात हे ज्ञान लोकांना द्यायचं, स्वतःला नाही.

तर मंगळवारी सकाळी जाग आली ती भिंत गुणगुणत असल्याने. बाईंना आधी वाटलं, समोरच्या ब्लॉकचा फ्रिज असेल. मग वाटलं, कान गेले आपले, वय झालं. पण वय झालं हे बाई सहसा पहिल्या झटक्याला कबूल करत नसत. त्यांनी पलंग ओढला आणि भिंतीला कान लावला. आत नुसतं घूं चाललेलं.

ती भिंत तशी खरी नव्हतीच. बाईंच्या नवऱ्याने, त्यालाही जाऊन आता नऊ वर्षं झाली, पाण्याचे पाइप दिसू नयेत म्हणून कोपऱ्यात पातळ फळ्या ठोकून वर रंग मारला होता. पाइप जिथून मागच्या गॅलरीत निघायचा तिथे अंगठ्याएवढं भोक राहिलं होतं. बाईंनी गॅलरीत जाऊन बघितलं, तर त्या भोकातून मधमाश्यांची ये-जा चाललेली. एक बाहेर, दोन आत, तीन बाहेर. बाईंकडे कुणी ढुंकूनही बघितलं नाही. जशी काही बाईच पाहुणी!

"अगं, मग त्या मधवाल्याला बोलाव की!" समोरची म्हणाली. समोर एक निवृत्त टायपिस्ट राहते. अख्खी इमारत तिला रेडिओ म्हणते, तेही तोंडावर. आणि तिला त्याचा राग नाही, अभिमान आहे. "बाजाराच्या कोपऱ्यावर बसतो बघ, मध विकतो तो. पोळं काढून घेऊन जातो, माशी मारतसुद्धा नाही."

"बोलावला की माझं घर गेलं."

"ते कसं काय?"

बाईंनी शब्दाची हकिकत सांगितली. रेडिओने ती मध्ये न तोडता शेवटपर्यंत ऐकली. हेही विशेषच.

"म्हणजे मुलाकडे जायचं नाही म्हणून माश्यांसोबत राहणार? धन्य आहे बाई तुझी!"

"राहणार नाही. हाकलणार. माझी मी."

रेडिओने कपाळावर हात मारला. बाईंनी दार लावलं.

आता माणसाला एखादी गोष्ट फार चांगली येत असली की त्याला वाटतं, जगातल्या सगळ्या दुखण्यांवर तोच इलाज. गुरुवारी संध्याकाळी सगळ्या माश्या आत परतल्यावर बाईंनी कपाटातून प्लास्टरच्या पट्ट्यांची जुनी गुंडाळी काढली. तसराळ्यात कोमट पाणी घेतलं. गुंडाळी बुडवली, बुडबुडे थांबेपर्यंत थांबल्या, दोन्ही टोकं धरून हलकेच पिळली. भोकावर आधी कापसाचा थर, मग पट्टी, वर पट्टी, अशा आठ पट्ट्या. प्रत्येक पट्टी तळव्याने गुळगुळीत केलेली, कडा आत वळवलेल्या. मोडलेलं मनगट आता बरं असलं तरी थंडीवाऱ्यात ठणकायचं, पण त्या दिवशी ते चालत होतं. काम असं सुबक झालं की बाई दोन पावलं मागे सरकून बघत राहिल्या, आणि सवयीने त्यावर पेन्सिलीने तारीखसुद्धा टाकून आल्या.

यालाच म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

शुक्रवारी सकाळी डोळे उघडले तर खिडकीच्या काचेवर चाळीस-पन्नास माश्या. दिव्याभोवती दहा-बारा. आणि पलंगामागच्या स्विचबोर्डच्या फटीतून एकेक करून आणखी येतायत, काही घाई नाही, गोंधळ नाही. बाहेरची वाट बंद, मग आतली शोधली; त्यांचं काय चुकलं? बाई उठल्या तेवढ्यात एक मानेला डसली, एक कानाच्या पाळीला, आणि तिसरी उजव्या हाताला.

बाईंनी आरडाओरडा केला नाही. खोलीबाहेर आल्या, दार ओढून घेतलं, खालच्या फटीत ओला टॉवेल कोंबला. स्वयंपाकघरात जाऊन सुरीच्या बोथट बाजूने तिन्ही नांग्या खरवडून काढल्या आणि चहा ठेवला. चहा सांडला तेव्हा स्वतःलाच मोठ्याने म्हणाल्या, "सांडू दे!"

रेडिओने दार बडवायला सुरुवात केली. गॅलरीतून तिने खिडकीची काच बघितली होती. "बाहेर ये आधी! माझ्याकडे ये!"

"मी माझ्या घरातून कुठेही येणार नाही."

"मग मी तुझ्या मुलाला फोन करते."

"कर! करून बघ! तोंड प्लास्टरमध्ये घालीन तुझं."

मग बाईंनी मच्छरदाणी डोक्यावरून घेतली, रेनकोट चढवला, हातमोजे घातले, प्लास्टर कापायची कात्री घेतली आणि स्वयंपाकघराच्या दाराने गॅलरीत गेल्या. आपण घातलेलं प्लास्टर, तेही वरच्या तारखेला एक रात्र उलटते न उलटते तोच, आपल्याच हाताने कापायची वेळ छत्तीस वर्षांत त्यांच्यावर कधी आली नव्हती. शेवटची पट्टी निघाली आणि भोकातून माश्यांचा लोटच बाहेर पडला. बाई भिंतीला पाठ लावून डोळे मिटून उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने ये-जा पुन्हा सुरू झाली.

ये-जा सुरू झाली, पण भिंत गुणगुणतच होती, आणि स्विचबोर्डची फटही आता माश्यांना ठाऊक झाली होती. बाई स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसल्या. आणि तेव्हा त्यांना भीती वाटली. माश्यांची नव्हे. मुलाच्या घराची.

तसं त्या घरात वाईट काय होतं? काहीच नाही. सून गुणाची, नातवंडं लाघवी, खोलीला ऊन. पण तिथे चार दिवस राहिलं की बाई हळूहळू विचारायला लागायच्या. चहा ठेवू का? पंखा लावू का? मी जरा खाली जाऊन येऊ का? कुणी नाही म्हणायचं नाही, पण विचारायला लागायचं. लग्नाआधी वडिलांना विचारलं, लग्नानंतर सासूला, नोकरीत मेट्रनला. या दोन खोल्यांत नऊ वर्षं बाईंनी कुणालाही काहीही विचारलं नव्हतं. आणि हे सगळं एका फुशारकीच्या वाक्यापायी जाणार होतं. ते वाक्यही आपलंच! बाईंना स्वतःचा असा राग आला की त्यांनी स्टुलाला लाथ मारली, आणि मग पाय धरून बसल्या.

संध्याकाळपर्यंत त्या तशाच विचार करत राहिल्या. मग उठल्या, रेडिओचं दार वाजवलं आणि म्हणाल्या, "त्या मधवाल्याचा नंबर दे."

"आणि शब्द?"

"नंबर दे म्हटलं ना!"

मधवाला शनिवारी दुपारी आला. पन्नाशीचा, बारीक अंगाचा, बोलताना समोरच्याला झोपेतून उठवायचं नाहीये अशा आवाजात बोलणारा. बरोबर एक लाकडी पेटी, काही रिकाम्या चौकटी आणि धूर सोडायचा डबा. आधी तो गॅलरीत गेला. भोकाभोवती पांढरी कड अजून चिकटलेली होती.

"हे कुणी बुजवलं होतं, मावशी?"

"होता एक शहाणा."

त्याने कडेवरून बोट फिरवलं. "हात झकास आहे त्याचा. अक्कल जरा कमी."

"बरोबर," बाई म्हणाल्या, आणि पुढची दहा मिनिटं त्याच्याशी बोलल्या नाहीत.

आत येऊन त्याने खोट्या भिंतीकडे बघितलं आणि मान हलवली. आत पोळं किती, कुठवर, काही कळत नव्हतं. वरपासून सगळ्या फळ्या उचकटाव्या लागतील, म्हणाला. ठोकाठोक झाली की माश्या चिडणार, पोळी तुटून खाली पडणार, मध आणि पिल्लं सगळं पाइपांवर.

"थांबा," बाई म्हणाल्या. त्यांनी हातमोजा काढला आणि उजव्या हाताची पालथी बाजू भिंतीला लावली. मग जरा वर लावली. मग डावीकडे.

"काय करताय मावशी?"

"प्लास्टरच्या आत जखम चिघळली की वरून तेवढ्याच जागी ऊब लागते. पेशंटला कळायच्या आधी हाताला कळते. गप्प बसा जरा."

बाईंचा हात भिंतीवरून इंच इंच सरकत होता. गुडघ्याच्या उंचीवर भिंत थंड. मांडीशी आली की कोमट. कमरेशी चांगली ऊबदार, तापातल्या लेकराच्या कपाळासारखी. छातीच्या वर पुन्हा थंड. बाईंनी पेन्सिलीने चौकोन काढला, दोन विती रुंद, तीन विती उंच. "एवढंच आहे. बाहेर काही नाही."

मधवाल्याने स्वतःचा हात लावून बघितला. मग बाईंकडे बघितलं. "वीस वर्षं मी भिंती फोडतोय," तो म्हणाला, "हे मला कुणी सांगितलं नव्हतं."

नवऱ्याची जुनी करवत बाईंनी स्वतः चालवली. करवत दाबायची नसते, नुसती चालवायची असते, वजन तिचं तिला टाकू द्यायचं. आत कातडी आहे असं समजून. मधवाला फटीतून थोडा थोडा धूर सोडत राहिला. चारही बाजू सुटल्या, दोघांनी मिळून फळी अलगद बाहेर काढली, आणि बाईंच्या तोंडून "अगं बाई!" निघून गेलं. सात पोळी, एकाशेजारी एक, शिस्तीत लोंबणारी. वर पांढऱ्या मेणाने झाकलेला मध, खाली पिल्लांची तपकिरी घरं, आणि सगळ्यावर माश्यांचा जिवंत, सरकता थर. पेन्सिलीच्या रेषेबाहेर बोटभरही काही नव्हतं.

"आता एकच नियम," मधवाला कुजबुजला. "आवाज चढवायचा नाही, धक्का द्यायचा नाही, त्यांच्या अंगावर श्वास सोडायचा नाही. शांत असल्या तर काही करत नाहीत."

तो एकेक पोळं कापून बाईंच्या हातात देई, बाई ते चौकटीत बसवून बांधत. बांधायला त्याने सुतळी आणली होती. बाईंनी ती बाजूला सारली आणि बँडेजची जाळीदार पट्टी काढली. पिल्लांची घरं चेपणार नाहीत इतकी सैल, पोळं हलणार नाही इतकी घट्ट. तीन चौकटी पेटीत गेल्या. चौथं पोळं, सगळ्यांत मोठं, माश्यांनी गच्च भरलेलं, बाईंच्या दोन्ही तळव्यांवर होतं, तेवढ्यात बाहेरच्या दारात किल्ली फिरली.

रेडिओने केलाच होता फोन.

मुलगा खोलीच्या दारात येऊन थिजला. मच्छरदाणीतली आई. फोडलेली भिंत. जमिनीवर मध. हवेत शेकडो माश्या. परका माणूस. त्याचा चेहरा पांढराफटक पडला आणि तो ओरडला, "आई! अगं हे काय..."

खोलीतली घूं एकदम वर चढली.

"साहेब," मधवाला त्याच्याकडे न बघता म्हणाला, "भांडायचं तर हळू भांडा. नाहीतर तिघांनाही दवाखाना."

आता सांगा, आई-मुलाचं वर्षभर साचलेलं भांडण, आणि तेही कुजबुजत! पण झालं तसंच.

"तू शब्द दिला होतास," मुलगा दातांवर दात ठेवून पुटपुटला. एक माशी त्याच्या बाहीवर बसली होती आणि तो तिच्याकडे बघत होता. "बाहेरचा माणूस बोलवावा लागला तर येईन म्हणाली होतीस."

"म्हणाले होते."

"मग हा कोण?"

"बाहेरचा माणूस."

"मग चल. आज, आत्ता. खाली गाडी उभी आहे."

"नाही येत."

"म्हणजे शब्द मोडतेस?"

"मोडत नाही. परत घेते. मीच दिला होता, मीच घेते. चुकीचा होता."

"अशी कशी चालेल ही मनमानी?" त्याचा आवाज चढायला लागला, मधवाल्याने बोट वर केलं, आवाज खाली आला. "आई, मला झोप लागत नाही. फोन वाजला की आधी नंबर बघतो, तुझा तर नाही ना. मला भीती वाटते गं, इतकी, की..."

बाईंना त्याच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला. पण हातात पोळं होतं, आणि ते हलवून चालणार नव्हतं.

"वाटू दे," बाई हळूच म्हणाल्या. "तू सातवीत हट्टाने सायकल घेतलीस. त्या हमरस्त्यावरून शाळेत जायचास. माझ्यासमोर रोज टेबलावर कोण यायचं ठाऊक आहे ना तुला? सायकलवरून पडलेली पोरं. मांडी मोडलेली, कोपर मोडलेलं. मी संध्याकाळी घरी येऊन तुझी सायकल जिन्याखाली दिसेपर्यंत पाणी पीत नव्हते. पण म्हणून तुला कोंडून नाही ठेवलं. माझी भीती होती, मी सांभाळली. तुझी तू सांभाळ. तुझ्या भीतीसाठी मी माझं घर देणार नाही."

मधवाला भिंतीत तोंड घालून आपण इथे नाहीच असं दाखवत होता.

"आणि पुन्हा पडलीस तर?" मुलाने विचारलं.

बाईंनी पोळं चौकटीत टेकवलं. पट्टीचा एक वेढा घेतला, दुसरा घेतला. मग म्हणाल्या, "पडले होते."

"काय?"

"या थंडीत. न्हाणीघरातच. मोडलं काही नाही, पण उठता येईना. दोन तास ओल्या फरशीवर पडून होते. फोन बाहेर टेबलावर होता, आणि हातात असता तरी तुला केला नसता." ही गोष्ट बाईंनी कुणालाही सांगितलेली नव्हती, रेडिओला तर नाहीच. "दुसऱ्या दिवशी तू फोनवर विचारलंस, आई कशी आहेस? मी म्हटलं, छान. कारण खरं सांगितलं की घर गेलं. त्या शब्दाने हे केलं बघ. जन्मात तुझ्याशी खोटं बोलले नव्हते मी. वर्षभर बोलतेय."

मुलगा दाराच्या चौकटीला टेकला. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि हात हलवला तर बाहीवरची माशी उडेल म्हणून त्याने ते पुसलंही नाही.

"आता शब्दबिब्द काही नाही," बाई म्हणाल्या. आवाज अजूनही कुजबुजीचाच, पण त्यात आता तसूभर माघार नव्हती. "नळ बिघडला तर प्लंबर बोलावीन. पडले तर तुला फोन करीन, त्याच मिनिटाला. तू येशील, मला उचलशील, चहा पिशील आणि तुझ्या घरी जाशील. मी इथेच राहणार. हे जमत असेल तर मला खरं विचारत जा, मी खरं सांगत जाईन. नसेल जमत, तर मी छान आहे."

मधवाल्याने पाचवं पोळं कापलं. त्यातून मधाची धार लागली आणि बाईंचे दोन्ही हात अडकलेले.

मुलाने बाही तशीच स्थिर धरून दुसऱ्या हाताने जमिनीवरचं पातेलं उचललं, दबकत दबकत भिंतीपाशी आला आणि धारेखाली धरलं.

"आई," तो कुजबुजला, "कशी आहेस?"

"मनगट फार दुखतंय रे," बाई म्हणाल्या.